वरच्या पाड्याची साक्ष

"तुझे वडील म्हणजे देवमाणूस," असं मला आजवर इतक्या जणांनी सांगितलं आहे की मी आता फक्त मान डोलावते. वाद घालायचं वय गेलं. शिवाय ते खोटंही नाही. पप्पांनी कधी कुणाला फसवलं नाही, दारूला शिवले नाहीत, आईवर हात उगारला नाही. पण देवमाणसाच्या घरात वाढणं काय असतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. तिथे रागवायची सोयच नसते. आणि मी तर जन्माची रागीट. आई म्हणायची, ही पोर पाळण्यातसुद्धा मुठी आवळून झोपायची.

डहाणू रोडला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये आमच्या दोन खोल्या होत्या. पप्पा पार्सल ऑफिसात कारकून. हंगामात चिकूच्या करंड्यांनी फलाट भरून जायचा आणि संध्याकाळी पप्पा घरी आले की त्यांच्या शर्टाला पिकल्या चिकूचा वास यायचा. मला आजही चिकू खाववत नाही. आम्ही मूळचे नगरकडचे, त्यामुळे घरात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पण धाकट्या डहाणूची मासळीवाली पाटी घेऊन दारात बसली की आईचा सगळा नगरी बाणा विरघळायचा. तिने तव्यावर सुके बोंबील टाकले की शेजारच्या गुजराती बेन धाडधाड खिडक्या लावून घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बेन ढोकळ्याची वाटी घेऊन हसत यायच्या. ऑफिसात पप्पांना कुणीही काहीही बोलायचं. साहेब ओरडायचे, बागायतदारांची माणसं ओरडायची, हमालसुद्धा "ओ पाद्री" अशी हाक मारायचे. पप्पा हसायचे. घरी येऊन पाय धुवायचे आणि प्रार्थनेला बसायचे. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा, या माणसाने कुणाच्या तरी अंगावर ओरडावं.

रविवारी मात्र ते वेगळे असायचे. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, पंधरा-सोळा घरांची. शमुवेल मास्तर म्हणून शाळामास्तर होते, त्यांच्या पडवीत उपासना भरायची आणि उपदेशही तेच करायचे. उपदेश झाला की साक्ष. साक्ष म्हणजे कुणीतरी उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. कुणाची दारू सुटलेली, कुणाचा मुलगा परीक्षेत पास झालेला. पप्पांकडे एकच साक्ष होती, पण तिला तोड नव्हती. ती साक्ष म्हणजे मी.

"माझी रिबेका सात वर्षांची होती," पप्पा सुरू करायचे, आणि त्यांचा आवाज खर्जात जायचा. "डोंगरावर तिला साप चावला. जवळ डॉक्टर नाही, गाडी नाही, रस्ता नाही. आम्ही नऊ जण तिच्याभोवती गुडघे टेकून बसलो आणि प्रभूचा धावा केला. आज ती तुमच्यासमोर बसली आहे." मग सगळी पडवी माझ्याकडे वळायची. हातच्या काकणाला आरसा कशाला! बायका माझा घोटा बघायला मागायच्या. मी पाय पुढे करायचे, हसायचे, आणि दातओठ खात घरी यायचे. कारण तसं झालंच नव्हतं, आणि मला ते आठवत होतं.

झालं होतं ते असं. दर वर्षी दिवाळी सरली की मंडळीतली माणसं चार दिवस तलासरीकडच्या डोंगरांत पायी फिरायची. पाड्यापाड्यावर थांबायचं, गाणी म्हणायची, सुवार्ता सांगायची. आम्ही त्याला डोंगरफेरी म्हणायचो. ऐन दिवाळीत ऑफिसात सगळ्यांना रजा हवी असायची, म्हणून ती संपल्यावर पप्पांना बिनबोभाट मिळायची. त्या वर्षी आईला आठवा महिना होता, धाकटा भाऊ पोटात; तिला माझी दगदग नको म्हणून पप्पांनी मला बरोबर घेतलं. वरच्या पाड्याजवळ गवत कापून भारे रचले होते. मी एका भाऱ्यावर उडी मारली आणि घोट्याला काहीतरी टोचलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. माझ्याभोवती टेकलेले गुडघे. मिटलेले डोळे. मास्तरांचा चढत जाणारा आवाज. पाय जड होत चाललेला. आणि मग ते कडं फोडून आत आलेली एक बाई. तिच्या हातात विळा होता. तो तिने फेकला, "पोर मरंल ना!" असं जोरात म्हणाली, मला पाठीवर घेऊन लुगड्याने बांधलं आणि डोंगर उतरत धावत सुटली.

खाली सडकेवर अच्छाडच्या नाक्याकडे निघालेला ट्रक तिने आडवं उभं राहून थांबवला. सरकारी दवाखान्यात मला इंजेक्शनं मिळाली. पप्पा मागून धापा टाकत पोचले तेव्हा मी तिच्या मांडीवर होते. मी पुढे नर्स झाले, सर्पदंशाची मुलं हाताखालून गेली, म्हणून सांगते: ती बाई अर्धा तास उशिरा आली असती तर पप्पांवर साक्ष द्यायची नाही, माझा दफनविधी करायची वेळ आली असती. प्रार्थनेला मी नावं ठेवत नाही. मी आजही करते. पण एकाने प्रार्थना करावी आणि दुसऱ्याने उचलून पळावं, एवढी अक्कल नऊ जणांत मिळून असायला हरकत नव्हती.

धावताना ती गात होती. मला झोपू द्यायचं नव्हतं म्हणून असेल, किंवा तिची स्वतःची भीती घालवायला. त्या गाण्यात एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा: पालघट. चाल माझ्या डोक्यात बसली ती बसलीच. पुढे शाळेतल्या एका वारली मैत्रिणीला मी ती गुणगुणून दाखवली तर ती चपापली. म्हणाली, हे तर लग्नातलं गाणं. आमच्यात धवलेरी असते, लग्न लावणारी बाई. ती गाण्यातून पालघट देवीला बोलावते, त्याशिवाय लग्न लागत नाही. मी घरी येऊन आईला हे सांगितलं. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "पप्पांना बोलू नकोस हे." झालं. आम्ही दोघी मूग गिळून बसलो.

तिकडे साक्ष दर वर्षी बदलत होती. पहिल्या वर्षी तिच्यात 'एक आदिवासी बाई' होती. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मास्तरांनी तिखटमीठ लावलं: मुलीला वाहून नेणारी ती बाई, त्यांच्यातली लग्न लावणारी, तीसुद्धा चमत्कार पाहून प्रभूकडे आली. हे तिला कुणी विचारलं होतं? कुणी नाही. मास्तर खोटारडे नव्हते. आपल्याला जे व्हावंसं वाटतं ते झालंच आहे, असं त्यांना मनापासून वाटायचं. असली माणसं खोटारड्यांपेक्षा महाग पडतात. पुढे पुढे ती बाई साक्षीतून गळूनच गेली. ती असली की चमत्काराला धक्का लागतो, हे बोलता बोलता पप्पांच्या जिभेला आपोआप कळलं असावं.

मी सतरा वर्षांची झाले तेव्हा मास्तरांनी ठरवलं की यंदाच्या डोंगरफेरीत वरच्या पाड्यावर जायचं आणि तिथे रिबेकाने स्वतः साक्ष द्यायची. मधल्या काळात पाड्याने आमच्या माणसांना दोनदा वाटेवरूनच परत पाठवलं होतं. पण मास्तरांनी टेपरेकॉर्डर पैदा केला होता. साक्षीची कॅसेट नाशिकच्या मोठ्या सभेत लावायची होती. मी नाही म्हटलं. पप्पा रागावले नाहीत, ते रागवायचेच नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याने तुला जीव दिला. तुला दोन शब्द देता येत नाहीत?" मी पिशवी भरली.

वेवजीहून आम्ही अकरा जण चढायला लागलो. मास्तरांच्या खांद्याला टेपरेकॉर्डर, पप्पांच्या पाठीवर पेटी, माझ्याकडे चिवड्याचा डबा आणि पत्रकांचा गठ्ठा. पहिल्या दिवशी पोरं मागे लागली, गाणी ऐकली, चिवडा खाल्ला आणि पळाली. दुसऱ्या दिवशी एका पाड्यावर बायका आम्हाला पाहून पाठ फिरवून उभ्या राहिल्या. पुढच्या पाड्यावर एका माणसाने माझ्या हातातून पत्रकं घेतली, नीट एकावर एक लावली आणि चुलीत घातली. त्याच्या पुढच्याने कुत्री सोडली. मास्तर म्हणाले, छळ होतोय म्हणजे आपण योग्य वाटेवर आहोत. मी मनातून कुत्र्यांच्या बाजूने होते. टाचेला फोड आलेले, पेटीचे दोन सूर बसलेले, आणि अकरा माणसं बेसूर गात उन्हातून चढतायत. मी कुत्रं असते तर मीही भुंकले असते.

तिसऱ्या दिवशी दुपारी वरचा पाडा आला. आम्ही तहानेने कासावीस. विहिरीवर गेलो तर दोर काढून घेतलेला. पाणी खाली चमकत होतं आणि ओढायला काही नाही. आंब्याखाली आठ-दहा पुरुष बसले होते, त्यांच्या मध्ये लहानू नावाचा म्हातारा, पाड्याचा वडीलधारा. बायका कुडाआडून बघत होत्या. कुणी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही.

"कशाला आलं?" लहानू म्हणाला.

मास्तरांनी हात जोडले. "बाबा, दहा वर्षांपूर्वी इथे या मुलीला साप चावला होता. देवाने तिला वाचवलं. ती तेवढं सांगेल आणि आम्ही जाऊ." आणि त्यांनी टेपरेकॉर्डर दगडावर ठेवून बटण दाबलं.

तेवढ्यात कुडाआडून ती आली. मी तिला लगेच ओळखलं, जरी केस पिकले होते आणि ती वाटली होती त्यापेक्षा बुटकी निघाली. तिचं नाव देवली, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दहा वर्षं मी तिच्या जिवावर जगत होते आणि नाव माहीत नव्हतं.

"ही कं ती पोर?" तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग मास्तरांकडे बोट केलं. "यानं वेवजीच्या बाजारात सांगलं, देवली किरिस्ताव झाली. आठ वरसं झाली, माना कोणी लग्नाला बोलवत नाय. सख्ख्या पुतणीचं लग्न दुसरीनं लावलं. मी घरात बसून ऐकलं. माझी गाणी, नि मी घरात!"

"बाई, तुमच्या मनात प्रभूने काम केलं होतं म्हणूनच..." मास्तर म्हणाले.

"माझ्या मनात काय होतं ते तुना काय ठावं?" ती गरजली. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "तू सांग. सगळ्यांच्या म्होरं सांग. मी तुमच्यात आलेली कं?"

"नाही," मी म्हटलं. "ती आमच्यात आली नाही. कधीच नाही."

मला वाटलं, संपलं. पण लहानूने मान हलवली. "पोरीला काय ठावं मनातलं? ती तं बोलंल कायबी. त्या दिशी हिनं कोणाचा धावा केला, ते कोणी ऐकलं?"

ऐकलं होतं. एकटीने, मी. मी पप्पांकडे पाहिलं आणि मला कळलं की त्यांनाही काहीतरी ठाऊक आहे. आईने सांगितलं असेल, किंवा दवाखान्यात त्यांनी स्वतःच ऐकलं असेल; मी कधी विचारलं नाही. त्यांनी अगदी थोडी मान हलवली. नको. ती मान मला आजही दिसते. ज्या साक्षीवर हा माणूस आठवड्यातला एक दिवस ताठ उभा राहायचा, ती माझ्या एका वाक्याने कोसळणार होती. आणि नाही बोलले तर ही बाई मरेपर्यंत घरात बसून स्वतःची गाणी ऐकणार होती.

"तिने पालघटला हाक मारली," मी म्हटलं. "सगळा डोंगर उतरेपर्यंत. पालघटलाच."

"रिबेका!" पप्पा ओरडले. माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "सात वर्षांची होतीस तू! शुद्धीत नव्हतीस! तुला काहीही आठवत नाही!"

मला खोटं पाडलं, तेही चारचौघांत. माझं डोकं फिरलं. मी गायला सुरुवात केली. शब्द मला येत नव्हते, पालघट एवढाच येत होता. बाकी नुसती चाल. दहा वर्षं डोक्यात ठेवलेली चाल चुकली नाही. कुडाआडच्या बायकांची कुजबुज थांबली. एकीने तोंडावर हात ठेवला. देवली माझ्याकडे नाही, जमिनीकडे पाहत होती.

"हे हिचंच," लहानू सावकाश म्हणाला. "ही चाल दुसरीची नाय." मग एका पोराला त्याने दोर आणायला सांगितलं. "पाणी भरा नि उतरा. परत चढू नका."

मला वाटलं होतं देवली आता मला जवळ घेईल. सतरा वर्षांच्या मुलीला असलं काहीतरी वाटतंच. ती आली, माझ्या घोट्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "दहा वरसं लागली तुना." मी पाय मागे ओढला. "जा," ती म्हणाली आणि घरात गेली.

उतरताना मास्तर म्हणाले की सैतानाने माझी जीभ वापरली. कॅसेट त्यांनी दरीत भिरकावली. पप्पा सगळ्यांच्या पुढे चालत होते, पाठीवरची पेटी हिंदकळत होती, आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर ते माझ्याशी बोलेनासे झाले. शिक्षा म्हणून नव्हे. माझ्याशी बोलायला त्यांना जमतच नव्हतं. "आईला सांग, चहा झाला का" एवढं भावाकरवी. रविवारी साक्षीची वेळ झाली की सगळे त्यांच्याकडे पाहायचे आणि ते मांडीवरच्या पवित्र शास्त्राची पानं उलटायचे.

असे सहा महिने गेले. वैशाखात एकदा आम्ही जेवायला बसलो होतो. आईने बोंबलांचं कालवण केलं होतं. पप्पा ताटाकडे बघत म्हणाले, "वरच्या पाड्याचा एक जण आज करंड्या उतरवायला आला होता. तुझ्या त्या बाईला लग्नाला बोलावलं म्हणे. दोन लग्नं लावली तिने." मी घास तोंडात घेतला होता, तो तसाच राहिला. आनंद झाला, आणि आनंदापेक्षा विजय जास्त वाटला, हे कबूल करते.

"झालं तुझं समाधान?" पप्पा म्हणाले.

"झालं."

त्यांनी भात कालवला, पुन्हा कालवला. "तिला तिचं मिळालं. बरं झालं. माझ्याकडे तेवढं एकच होतं, रिबेका."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत 'गप्प बस' होतं. पण सहा महिन्यांचा अबोला मला पुरे झाला होता.

"ते तुमचं नव्हतंच, पप्पा," मी म्हटलं.

ते उठले नाहीत. सगळं जेवले, ताट स्वतः घासून पालथं घातलं आणि फलाटाकडे फेरी मारायला गेले. त्यानंतर हळूहळू आमचं बोलणं सुरू झालं, माझं लग्न झालं, त्यांना नातवंडं झाली, पण मंडळीत ते साक्षीला पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. एकोणीस वर्षं, ते जाईपर्यंत. मी माहेरी आले की रविवारी त्यांच्या शेजारीच बसायचे. पानं उलटण्याचा आवाज ऐकायचे. मला त्यांना एवढंच सांगायचं होतं: उठा, देवलीचं नाव घेऊन सांगा, ती साक्ष अजून खरीच आहे. हे मला सुचलं नव्हतं असं नाही. कितीतरी रविवार अगदी ओठांवर होतं. मी म्हटलं नाही.